दराला बांधलेला इशारा

गुणाजीचं मालवणात मोबाइल दुरुस्तीचं दुकान. २००८ साली त्याने कॉम्प्युटरवर एक प्रोग्राम बसवला. लिलावातले मासळीचे दर आपोआप लोकांच्या फोनवर जायचे, आणि दरांमागून बर्फवाल्याची जाहिरात. पुढे त्याने आपल्याच मनाने एक फुकटची सोय जोडली: वादळवारा येणार असला की इशारा. त्याची वेगळी यादी करत कोण बसतो? ज्याला दर, त्यालाच इशारा, असं करून तो मोकळा झाला.

थोरली बहीण हिरा मासे विकायची. तिचा नवरा बाबली होडी घेऊन जायचा. एक दिवस तो दुकानात येऊन तडकला.

"रे मेवण्या, दिवसभर टिंग टिंग! माका तुझो बर्फ नको नि दर नको. बंद कर ता!"

"आसांदेत, भावोजी. अक्काच्या कामाक येतले."

"तुझी अक्का बांगडो हातात घेतल्यार दर सांगता. तिका तुझो कॉम्प्युटर काय शिकयतलो?"

गुणाजी हसला आणि बाबलीचे दर बंद केले. त्या दरांना आपण आणखी काय बांधलंय, ते त्या घडीला डोक्यात आलं नाही.

२००९च्या नोव्हेंबरात समुद्र बिघडला. दुपारी इशारा गेला. काठापासून फार लांब नसलेल्या होड्या तो वाचून परतल्या. बाबली त्यांच्यापासून बाजूला, एकटाच जाळं टाकून होता. होडी मिळाली, बाबली मिळाला नाही.

इशारा बाबलीला पोचला होता का, हे बघायला गुणाजीने प्रोग्राम उघडला. गेलाच नव्हता. मग जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर तो रेघा ओढत बसला, कशावर काय टेकलंय ते. दरावर जाहिरात. दरावरच इशारा.

जे दिसलं ते त्याने जाऊन हिराला सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि सुपातले तांदूळ पाखडत राहिली. शिमगा झाला तरी ती त्याच्याशी बोलली नाही. तेवढ्या दिवसांत त्याने दर आणि इशारा सोडवून वेगळे केले.

मग एका सकाळी ती दुकानात आली, टोपली बाहेर ठेवून. हातात कुणाचा तरी जुना फोन.

"लिलावात माका फसयतत. दर धाड."

"धाडतंय, अक्का."

"वाऱ्याचो इशारो धाडू नको. माझा आता पाण्यात कोण आसा?"

गुणाजीने तिचा नंबर दरांच्या यादीत घातला. इशाऱ्याच्या यादीत घातला नाही. आता तसं करता येत होतं.