तानुबाईच्या ओल्या अळ्या

तानुबाई भित्री. पोस्टमन दारात आला तरी आधी ती दाराआड लपायची. मग असल्या बाईनं मासे धरायचे टोकदार गळ हाताळायच्या कामाला जायचंच कशाला, असं तुम्ही म्हणाल. काय करता! नवरा गेलेला. मखमलाबादच्या मळ्यातल्या फुलांचे हार पंधरा वर्षं गुंफले, तर मळ्याच्या मालकानं अठ्ठ्याहत्तर साली झेंडू उपटून द्राक्षं लावली.

नाशिकरोडला एका शेडमध्ये परदेशातल्या शौकिनांसाठी मासेमारीचे खोटे किडे बनायचे. इवल्याशा गळावर दोरा गुंडाळायचा, वर तांब्याची बारीक तार फिरवायची, कोंबड्याच्या पिसाचे तंतू बांधून पाय काढायचे, झाली पाण्यातली अळी. माशानं फसलं पाहिजे. आठ दिवस शिकायचं आणि नवव्या दिवशी सकाळी बारा अळ्या मुकादम खंडेरावांपुढे मांडायच्या. पसंत पडल्या तर नोकरी. नाही पडल्या तर भाऊ पुंजाराम सटाण्याहून येऊन बसलाच होता. तिच्या मुलीला, चांगुणाला, तो सातवीतून काढून कांदे निवडायला नेणार होता.

पहिल्याच दिवशी फजिती झाली. फुलाची मान मोडू नये म्हणून हाराची गाठ हलक्या हातानं मारायची, ती सवय. खंडेरावांनी नखानं नुसतं ओढलं आणि अख्खी अळी सुटून आली.

"बाई, हे फूल नाही, लोखंड आहे. आवळा!"

तेव्हापासून त्यांच्या वहाणा वाजल्या की ती घाईघाईनं दोरा ओढायची. गळ बोटात रुतायचा. ती गुपचूप रक्त चोखायची आणि पुन्हा दोरा आवळायची.

आठव्या दिवशी संध्याकाळी मात्र बाराच्या बारा देखण्या उतरल्या. बाईला कोण आनंद! आणि त्या आनंदात हातांनी पंधरा वर्षांचं वळण गिरवलं. बशीतल्या अळ्यांवर हारांसारखं पाणी शिंपडलं, वरून ओलं फडकं घातलं आणि ती घरी गेली.

सकाळी फडकं उचललं, तर गळ तांबूस! टोकं गंजलेली, फडक्यावर डाग.

"आई गं!" तिनं पदरानं टोकं पुसून पाहिली. शेजारच्या नवसाबाईची बशी तिथंच होती, कोरडी, चकचकीत. नवसाबाई चहाला गेलेली. तानुबाईचा हात त्या बशीकडे निम्मा गेला आणि थांबला. खरं सांगायचं तर सचोटीनं नाही थांबला, चोरीचीही तिला तेवढीच भीती वाटली.

तेवढ्यात वहाणा वाजल्या.

"हे काय केलंत?"

"सुकू नये म्हून... पानी मारलं, साहेब."

शेड खो खो हसली. खंडेराव हसले नाहीत. त्यांनी एक अळी उचलून नखानं ओढली. मग दुसरी, मग तिसरी. तानुबाई डोळे गच्च मिटून उभी होती.

"रात्रभर भिजत होत्या?"

"व्हय."

"आणि एकही सैल नाही." त्यांनी बाराही अळ्या कचऱ्याच्या डब्यात टाकल्या. तिचा जीव त्या डब्यातच पडला. मग तिच्यापुढे नव्या गळांची डबी आली. "गंजलेला माल बाद. हात पास. उद्यापासून कोरडं फडकं, कळलं? बसा."

पण ती बसली नाही. फाटकाबाहेर पुंजाराम चांगुणाला घेऊन उभा होता, दुपारची एसटी धरायला. ती धावतच गेली.

"पुंजा, पोर न्हाई येत."

"अगं, पण..."

"न्हाई म्हनले ना!" भावापुढं आवाज चढवायची ही तिची पहिली वेळ. लगेच तिनं चांगुणाच्या हातातलं बोचकं ओढलं, तर ते भलतंच जड. गाठ सोडली. वर एक परकर आणि खाली सातवीची सगळी पुस्तकं.

"कांद्यावर ही कशाला गं?"

"दुपारच्या सुट्टीत वाचणार होते," चांगुणा म्हणाली.