टण्ण वाजलं की उडी

आमच्या शेजारची मुलगी लहान होती तेव्हा जेवताना ताटावर, अभ्यासाला बसली की टेबलावर आणि बापाची नजर चुकवून माझ्या दारावर बोटं वाजवायची. टिकटिक हे नाव मीच ठेवलं. ते असं चिकटलं, की तिची आईसुद्धा खरं नाव आठवायला क्षणभर थांबते. आता ती मोबाइलवरचे खेळ बनवणाऱ्या कंपनीत आहे. म्हणजे ज्यासाठी आम्ही तिला रागवायचो, त्याचाच तिला पगार मिळतो.

तिचा खेळ असा: गाणं चालू असतं, एक चेंडू पळत असतो, वाटेत भिंती येतात. भिंतीच्या जरा आधी ‘टण्ण’ वाजतं. ते ऐकून अंगठा दाबला की चेंडू उडी मारतो. हे टण्ण कुठे ठेवायचं, हे टिकटिकचं काम. तिचे बाबा निवृत्त बसड्रायव्हर. ते याला ‘घंटा बडवणं’ म्हणत.

मध्यंतरी तिने पहिल्यांदाच एक अख्खी लेव्हल एकटीने रचली. कंपनीतल्या तिच्या वरिष्ठ बाईंनी अट घातली, की जन्मात खेळ न खेळलेला माणूस डोळे मिटून, नुसत्या कानांवर ती पार करेल, तरच खेळात घेऊ. नाहीतर दुसऱ्या कुणाची घालू. असा माणूस शोधायला तिला लांब जावं लागलं नाही. फोन उचलायला जाऊन हमखास कापणारा इसम घरातच बसला होता.

रविवारी दुपारी बाबा डोळे मिटून बसले आणि मी फुकटचा तमाशा बघायला. पहिल्या दोन उड्या झोकात गेल्या. तिसऱ्या भिंतीवर चेंडू आपटला. पुन्हा तिथेच. टिकटिकने टण्णचा आवाज वाढवला, तरी तेच. आणखी वाढवला, तेव्हा ही घंटा आहे की भांड्यांचं दुकान कोसळतंय, असं बाबांनी विचारलं. लेव्हल ठेव आणि बाप बदल, असं मी सुचवलं. बाबांनी मिटल्या डोळ्यांनीच माझ्याकडे रागाने बघितलं. ही कला त्यांनाच जमते.

टिकटिक हसली नाही. चेंडू सोडून ती बाबांचा अंगठा बघू लागली. सुरुवातीला गाणं मऊ होतं, तिथे अंगठा वेळेवर पडत होता. तिसऱ्या भिंतीपाशी ढोल सुरू व्हायचा आणि टण्ण बरोबर त्याच्या थापेवर बसलेलं. अंगठा हवेतच अडकायचा. तालात इतकं चोख बसवलं होतं, की ते ढोलाखाली पार दडपलं होतं. तिने टण्णचा आवाज पुन्हा पहिल्याइतका केला, ढोलाची ती एक थाप काढली आणि त्या मोकळ्या जागेत टण्ण राहू दिलं.

“आता काय करू?” बाबांनी विचारलं.

“काही नाही. ऐका फक्त.”

दुसऱ्या दिवशी बाबा इस्त्रीचा शर्ट घालून कंपनीत गेले आणि बाईंसमोर अख्खी लेव्हल पार करून आले. तिथेच थाप का काढली, असं बाईंनी विचारलं, तेव्हा टिकटिक म्हणाली, “घंटा कितीही बडवली तरी ऐकू येत नव्हती. म्हणून ढोलाला जरा गप्प केलं.”

कंपनीतलं हे सगळं बाबांनीच सांगितलं. दर खेपेला त्यात एखादी भिंत वाढते. लेव्हल खेळात आली, तेव्हापासून दूधवाला असो की पोस्टमन, बाबा फोन पुढे करून त्याला डोळे मिटायला लावतात. ‘घंटा बडवणं’ हे शब्द आता आमच्या जिन्यात कुणी काढत नाही. मी एकदा काढले, तर चहा मिळाला नाही.

मी अजून तिसऱ्या भिंतीवरच आपटतो. पण टण्ण अगदी स्वच्छ ऐकू येतं, हे मात्र कबूल.