गोधडीतला चीक

न्हावऱ्याच्या आक्काबाईंकडं फ्रिज आला तेव्हा त्यांनी त्यात कांदेसुद्धा भरले होते. शेजारीण म्हाळसा म्हणाली, "वखारीत मावंनात व्हय?" कांद्यांना कोंब फुटले तेव्हा ते बाहेर आले. उरलेलं कालवण शिंक्यावर टांगण्यात जन्म गेलेला. थंड कपाटाची रीत त्या चुकत चुकतच शिकल्या.

गाय व्याली त्याच आठवड्यात, दौंडला दिलेली त्यांची लेक गौतमी मोठ्या तापातून उठली होती. फोनवर म्हणाली, "आई, तोंडाला चवच न्हाई. खरवस तेवढा खावासा वाटतोय. रविवारी येते."

चीक शेजारीपाजारी वाटून आक्काबाईंनी एक डबा लेकीसाठी राखला. फ्रिजच्या दारातल्या फळीवर ठेवते म्हणाल्या, तोच फोनवरून गौतमीनं अडवलं. "तिथं न्हाई, आई. वर बर्फाच्या खणात. झाकण घट्ट लाव."

शनिवारी सकाळी लाइट गेली. आक्काबाई घटकेघटकेला फ्रिज उघडून डब्याला हात लावू लागल्या. मुलगा महेंद्र वैतागला. "दर खेपेला गारवा सांडतीस. हात लावू नकोस."

शिरूरच्या बाजारात बर्फाच्या लादीला पोतं गुंडाळलेलं त्यांनी पाहिलं होतं. त्यांनी फ्रिजला जाड गोधडी लपेटली आणि वरून गाईचं जुनं दावं आवळलं.

म्हाळसा दारातून बघत होती. "फ्रिज बी दावणीला बांधला का आक्का?"

"त्याला न्हाई गं. माज्या हाताला बांधलंय," म्हणत त्या गाईसाठी घास कापायला गेल्या.

परतल्या तेव्हा लाइट आलेली होती. गोधडीआड फ्रिज नुसता घरघरत होता. गोधडीत हात घातला तर फ्रिजची ऊब आतच कोंडलेली, त्याचं अंग तापलेल्या पोरासारखं कढत. गाय आता साधं दूध देत होती. दुसरा चीक आणायचा कुठून? दाव्याची गाठ सुटता सुटेना.

खण उघडला. डब्याच्या कडेचं जरा वितळलं होतं, मधला चीक मात्र दगडासारखा. वासही चांगला होता. तरी त्यांचा भरवसा बसेना. कडेचा वाटीभर काढून, गूळ-वेलदोडा घालून त्यांनी वाफेवर ठेवला. नासला असेल तर पाणी सुटेल, एवढं त्यांना ठाऊक होतं. चुलीपुढून त्या हलल्या नाहीत.

झाकण काढून सुरी खुपसली. सुरी स्वच्छ वर आली. वडी कशी घट्ट, थरथरती.

आक्काबाई भिंतीला टेकून बसल्या आणि गरम तुकडा फुंकत खाल्ला. मग डबा खालच्या कप्प्यात ठेवला, सकाळपर्यंत आपोआप वितळावा म्हणून.

रविवारी गौतमीनं दोन वड्या खाल्ल्या आणि ताटली पुन्हा पुढं केली. आक्काबाईंनी तिसरी वाढली.

महेंद्र म्हणाला, "आई, गोधडी फ्रिजवरच ठेवू का घडी करून?"

"नको. ती माजी मला दे," आक्काबाई म्हणाल्या. "त्याला लाइट असली की उघडंच बरं वाटतं."