टेबलावरचं शिखर

देवराम सरांच्या भूगोलाला नकाशा फारसा लागायचा नाही. ते वर्गातल्या पोरांनाच डोंगर, वारा, समुद्र करून उभं करत. आठवीत वाळवंटातला डोंगर शिकवायचा होता. मी सगळ्यांत उंच, म्हणून मला टेबलावर चढवून शिखर केलं आणि बजावलं, "हलू नको. शिखर हलत नसतं." पोपट झाला ढग. त्याच्या हातात आमच्या सोनगीरच्याच तांबटाने घडवलेला तांब्या, काठोकाठ भरलेला.

ढगाने दारातल्या समुद्रावरून निघायचं, पहिल्या बाकांची डोंगररांग लागली की तिथे पाणी शिंपडायचं आणि माझ्यापर्यंत रिकामं यायचं, असा पाठ होता. पण पहिल्या बाकावर सरपंचांचा मुलगा. त्याला भिजवायची पोपटची छाती होईना. भरला तांब्या घेऊन तो थेट माझ्याकडे आला आणि सगळा माझ्या डोक्यावर ओतला.

"वाळवंट बुडवलंस रे पोपट," सर हताश होऊन म्हणाले आणि त्याला बाकावर उभं केलं. मला मात्र न हलल्याबद्दल शाबासकी मिळाली. शाळेतली ती माझी शेवटची. त्याच वर्षी वडील अंथरुणाला खिळले, शाळा सुटली, मी नरडाण्याला कामाला लागलो.

पुढे आखातात नोकरी लागली. वाळवंटातल्या एका एकाकी डोंगरमाथ्यावर टॉवर होता, त्याचा जनरेटर सांभाळायचा. गावात जो तो म्हणे, तिकडे नुसती आग शे, दोन गंजीफ्राक पुरे. एकटे सर एस.टी. स्टँडवर आले ते भर मे महिन्यात खांद्यावर त्यांच्या बायकोने, अक्कांनी, शिवलेली गोधडी घेऊन. कंडक्टरने विचारलं, गुरुजी, हा वाळवंटात चालला का हिमालयात?

"दोन्हीकडे. दिवसा इकडे, रात्री तिकडे," सर म्हणाले. मग मला बाजूला घेतलं. आवाज एकदम उतरला. "सोनगीरच्या किल्ल्याहून उंच मी जन्मात काही चढलो नाही. पुस्तकात होतं ते शिकवत आलो. ते खरं शे का, तेवढं बघून ये."

एरवी शुद्ध बोलणाऱ्या सरांच्या तोंडून 'आहे'ऐवजी आमचा अहिराणी 'शे' निघाला, तेव्हाच मी घाबरलो. आठवी सोडलेल्याने सरांचा पेपर तपासायचा होता.

डोंगरावर झाड नाही, पाखरू नाही, नुसता काळा दगड. दुपारी पाना हातात धरवत नसे. सूर्य बुडाला की ऊन जणू आपली वळकटी बांधूनच निघून जाई, आणि हिवाळ्यात पहाटे बादलीवर बर्फाची साय. आजारी पडेल त्याला घरी पाठवत, त्यामुळे मला शिंक आली तरी धडकी भरे. गोधडीला हसणारे सोबती थंडी पडताच तिचं एकेक टोक मागू लागले. वाऱ्याने पत्र्याची खोली खडखडली की मी स्वतःला सांगे, शिखर हलत नसतं.

मग एका हिवाळी दुपारी ढग आला. खालच्या वाळूवर थेंब नाही आणि आमच्या माथ्यावर मात्र कोणी तांब्या उपडा करावा तसा पाऊस. सोबती नाचले. मला घाम फुटला. हे सरांना सांगायचं कसं?

सुट्टीवर आलो तेव्हा सर ओट्यावर बाजेवर होते, पार वाळलेले. ऊन सांगितलं, बर्फ सांगितला, गोधडी सांगितली. प्रत्येकाला ते बरोबरची खूण केल्यासारखी मान हलवत. मी थांबलो, तर म्हणाले, "आणि पाऊस?"

खोटं बोलणं सोपं होतं. पण "बघून ये" म्हणाले होते. "सर, शिखरावर पडतो. खाली कोरडं. सगळा डोक्यावर."

सर कोपरावर रेलून उठले. मग म्हणाले, "पोपटला बोलाव."

पोपट आता स्वतःच भांडी ठोकत होता. तो हातोडी घेऊनच धावत आला. त्याला वाटलं, सरांचं काही बरंवाईट झालं. सर म्हणाले, "पोपट, तू बरोबर ओतलं होतंस. मी उगाच उभं केलं. बस खाली."

पोपटला आठवेपर्यंत थोडा वेळ गेला. मग तो संकोचून म्हणाला, "सर, तुम्ही फळ्याकडे तोंड करं ना, तवळच मी बशी गयथू."

पोपट तेव्हाच बसून गेला होता हे ऐकून सर इतके हसले, की अक्कांना पाणी आणावं लागलं.

निघताना पायांना हात लावायला वाकलो, तर मला खांद्याला धरून अडवू लागले. "अरे, शिखर वाकत नसतं."

शाळेपासून सरांचा शब्द मी कधी मोडला नव्हता. त्या दिवशी मोडला आणि वाकलो.