भिंतीतला सूर

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. बू खालिदांचा सूर मी बदलला.

शारजातल्या रोल्ला भागाच्या मागच्या गल्लीतल्या स्टुडिओत मी कीबोर्ड वाजवायचो, रेकॉर्डिंगही सांभाळायचो. बू खालिद आत आले की सलामाआधी आपला डोक्याचा रुमाल माझ्या कीबोर्डवर टाकत. "इसको सोने दो, पेटीवाला." लहानपणी वडिलांच्या गलबतातून मुंबईच्या फेऱ्या झालेल्या, त्यामुळे हिंदी अपमान करण्यापुरती उत्तम.

समुद्रातून मोती काढणाऱ्यांची वल्ह्यावरची गाणी ऊद या अरबी तंतुवाद्याच्या आणि व्हायोलिनच्या ताफ्यासाठी बांधणारे इथले पहिले संगीतकार ते. पण कौतुक करणाऱ्यांचाही त्यांना तिटकारा. "पायोनियर, पायोनियर बोलता है. गाना लगा तो फोन देखने लगता है." हॉटेलांतल्या वादकांना ते 'लिफ्टवाले' म्हणत, लिफ्टमध्ये वाजतं तसलं वाजवणारे म्हणून.

त्यांच्या एका मकामात, म्हणजे आपल्या रागासारख्या चौकटीत, एक स्वर कोमल आणि शुद्ध गांधाराच्या मधोमध बसतो. सांगलीत पेटीवर वाढलेल्या माझ्या कानाला तो खुपायचा. एकदा धीर करून म्हटलं, "उस्ताद, गांधार थोडा उतरा है."

सगळ्या वादकांसमोर ते हसले. "तेरे डब्बे में बारा कमरा. मेरा सूर दीवार में रहता है. तू किराएदार, तेरे को क्या मालूम?"

ते गेल्यावर मी त्या दिवशी रेकॉर्ड केलेल्या गाण्यातला त्यांच्या ऊदचा तो स्वर कंप्युटरवर ओढून शुद्ध गांधारावर नेऊन बसवला, गाणंभर. सुधारतोय, असं स्वतःला सांगितलं. खरं तर त्या हसण्याचा सूड उगवत होतो. स्टुडिओच्या मालकाला फरक कळला नाही. त्याला बिलापलीकडचं काही ऐकूच येत नसे.

गाणं रेडिओवर लागलं. दुसऱ्या दिवशी बू खालिद मुलीला, मोझाला घेऊन आले. सवयीने रुमाल कीबोर्डवर टाकला, पण आवाज खाली गेलेला.

"मैंने ऐसा बजाया?"

खरं सांगायची वेळ तीच होती. मी म्हणालो, "उमर है, उस्ताद."

 त्यांनी रुमाल उचलला, घडी करून खिशात घातला. "खलास. अब इसको जगा दो."

पुन्हा त्यांनी ऊद हाती धरला नाही. काही वर्षांनी गेले, आपला कान गेला असं मानूनच.

मोझा शारजात मुलांना आता तेच गाणं शिकवते, माझ्या गांधारासकट. भेटली की विचारते, "अंकल, लास्ट में बाबा का कान चला गया था, ना?" मी होकारार्थी मान हलवतो.

तिच्या बापाचा कान शेवटपर्यंत शाबूत होता, हे तिला सांगणं माझ्याकडे अजून बाकी आहे.