आठ घागरी, पहिली जागा

रांगेत पहिलं असणं हा आपला हक्क आहे, असं पत्रक मी छापून वाटलं होतं. पत्त्यांच्या डावात पहिलं बसणं ही शिक्षा असते, हे मला कुणी छापून दिलं नव्हतं.

दुष्काळाचं साल. वस्तीतली विहीर आटली तेव्हा मी पत्रकं काढून, लोहाऱ्याच्या तहसिलीवर मोर्चा नेऊन टँकर आणला होता. (टँकर तसाही येणारच होता, असं तात्या म्हणायचे. तात्या माझे सख्खे चुलते. चळवळीवर त्यांचा विश्वास कमी.) नियमही मीच केला: माणसांऐवजी घागरींची रांग लावायची आणि ती कुणासाठीही मोडायची नाही. शेवटच्या घागरींपर्यंत पाणी कधीच पुरत नसे. त्या दिवशी आमच्या आठ घागरी सगळ्यांत पुढं होत्या. घरी थोरली बहीण शांताक्का बारा दिवसांचं लेकरू घेऊन बसलेली, रांजण कोरडा. माय बजावून गेली, "लेकराच्या आंघुळीचं पाणी हाय. घागरीवरची नजर हलवू नकु."

नजर हलली नाही. घागरींसमोरच्याच लिंबाखाली तिरट सुरू झाली आणि मी तिथं बसलो! तिरट म्हणजे तीन पानांचा जुगार. पैसे कुणाकडंच नव्हते, म्हणून एक खडा म्हणजे रांगेतली एका घागरीची जागा. हरला त्याची घागर मागं, जिंकला त्याची पुढं. आमच्याकडं दर फेरीला पहिल्या बसलेल्यानंच आधी बोलायचं असतं. मी तत्त्व म्हणून पहिली जागा घेतली. तात्या चुन्याची डबी उघडत शेवटी बसले.

पानं न बघताच मी एक खडा टाकला. तात्यांनी, तेही न बघता, दोन.

"दोन? दबून राहायचे दिवस गेले, तात्या," असं म्हणून मी चार केले. बाकीच्यांनी पानं टाकून दिली. तात्यांनी चार पुरे केले.

मग मी पानं उचलली. राजा, सत्ती, दुर्री. तिघांची एकमेकांशी ओळखही नव्हती.

"बोल," तात्या म्हणाले.

"तुम्ही बोला की."

"पयली जागा तुजी हाय. म्या कसा बोलू?"

पानं टाकावीत तर चार घागरी गेल्या. गप्प राहावं तर हात रिकामा आहे हे उघड. म्हणून मी आणखी दोन खडे टाकले. तात्यांनी आता कुठं आपली पानं पाहिली. मग बराच वेळ माझं कपाळ पाहिलं. दोन टाकले.

"बोल."

पुन्हा मीच! उरलेले दोन्ही खडे मी सरकवले. तात्यांनी बरोबरी करून पानं उलटी केली. तिर्रीची जोडी.

"एवढ्याशा जोडीवर आठ घागरी लावल्या तुम्ही?"

"तू पत्रकावानीच खेळतूस, बाबा. पुरावा न्हाय तिथं टाइप मोठा."

आमच्या आठ घागरी शेवटाला गेल्या, तात्यांच्या आठ पुढं आल्या, आणि तेवढ्यात टँकर आला. त्याच्या मागोमाग माय, आणि तिच्यामागं वस्तीतल्या बाया.

"आपल्या घागरी मागं कशा रं?"

माझी जीभ सवयीनं म्हणाली, "अन्याय झाला, माय."

आणि मायनं विश्वास ठेवला! माझं प्रत्येक पत्रक तिनं स्वतःच्या हातानं खळ लावून चिकटवलं होतं. पदर खोचून ती टँकरपुढं बसली. बाया बसल्या. ड्रायव्हरनं घाबरून इंजिन बंद केलं.

"नाव सांग त्येचं. लेकराचं पाणी कुणी तोडलं?"

मी तात्यांकडं पाहिलं. ते तंबाखू मळत होते. "सांग की. आधी तू बोल, मंग म्या बोलतो."

"मीच," मी म्हणालो. "तिरटीत."

कुणी हसलंसुद्धा नाही. तात्या उठले, आमच्या घागरी एकेक करून पुढं आणून ठेवल्या. "वैनी, ते माजं बी नातवंडच हाय. पाणी भरा."

पण माय उठेना. "निषेध झाल्याबिगर उठायचं न्हाय. ह्यानंच शिकिवलंय."

घोषणा देण्याइतका खणखणीत आवाज वस्तीत दुसरा नव्हता. म्हणून टँकरच्या पायरीवर चढून माझ्या धिक्काराच्या घोषणा मलाच द्याव्या लागल्या. बाया मागून म्हणत होत्या. दुसरी घोषणा जरा पडक्या आवाजात गेली, तर मायनं ती परत द्यायला लावली.