माझ्या डोक्यातला धूर

भुतं, करणी, अंगात येणं यावर माझा काडीचा विश्वास नव्हता, आजही नाही. माणूस व्यापारी, केळीचा घड हातात धरून पाहिल्याशिवाय भाव न सांगणारा. तरी हे लिहितोय, कारण इतकी वर्षं झाली तरी ते डोक्यातून जात नाही... आणि डोकं म्हटलं की माझ्या बाबतीत जरा जपूनच बोलावं लागतं.

सत्तर सालच्या आसपासची गोष्ट. सावद्याला माझी केळी पिकवायची खोली होती. कच्चे घड रचायचे, गोवऱ्यांचा धूर द्यायचा, दार मातीने लिंपून टाकायचं. मुदतीआधी उघडलं की माल वाया. एके सकाळी मला धुराचा उग्र वास आला. वाटलं, आत मालाने पेट घेतला. माणसांना शिव्या घालत लिंपलेलं दार फोडलं. आत सगळं ठीक होतं, मी मात्र तिथेच कोसळलो.

अशी दोनदा खोली फोडली. माणसं माझ्याकडे चमत्कारिक नजरेने बघायला लागली. शेवटी मुंबईला तपासण्या झाल्या. डॉक्टर म्हणाले, मेंदूत गाठ आहे. वास बाहेर नाहीच, डोक्यातच तयार होतो आणि पाठोपाठ फिट येते. ऑपरेशन धोक्याचं, तूर्त गोळ्या घ्या.

मग सुरू झालं ते जगणं. सायकल बंद, विहिरीवर एकट्याने जाणं बंद, दाढीसुद्धा न्हाव्याकडून. वास आला की कसंबसं खाली बसण्यापुरता वेळ मिळायचा, कधी तोही नाही. एकदा पेटत्या चुलीवर पडता पडता वाचलो. दिवसभर नुसता हुंगत बसायचो. धड जेवण नाही, धड झोप नाही. चिडचिड तर विचारू नका, आणि ती सगळी निघायची बायकोवर.

बायको धुळ्याकडची, अहिराणी बोलणारी. त्या उन्हाळ्यात आम्ही तिच्या धाकट्या भावाकडे धुळ्याला गेलो होतो. भर दुपारी मी जिन्याच्या वरच्या पायरीवर उभा होतो, ती आत पापड लाटत होती. एकदम लाटणं टाकून आली आणि माझा दंड धरला.

"खाले बठा," म्हणाली, "धूरना वास ई ऱ्हायना."

"अक्का, आठे कोठे धूर शे?" तिचा भाऊ हसला.

धुराचा वास येतोय म्हणे, आणि मला तर कसलाच वास येत नव्हता. मी वैतागलो, "आता तुलाही वेड लागलं का?" तिने ऐकलं नाही. ओढत आत नेऊन बसवलं. बसलो... आणि मग तोच वास माझ्या नाकात भरला.

शुद्धीवर आल्यावर विचारलं, कसला वास होता? "वल्ल्या गवऱ्या," ती म्हणाली, "आनि काहीतरी गोड करपेल." त्या करपलेल्या गोड वासाचं मी कुणाला बोललो नव्हतो, डॉक्टरांनाही नाही.

पुढे ऑपरेशन होईपर्यंत हेच चाललं. वास आधी तिला, मग मला. भाकरी थापताना ती मध्येच उठायची, मी मुकाट्याने बसायचो. एकदाही तिचं चुकलं नाही. मी पुन्हा बाजारात जाऊ लागलो, ती सोबत यायची. लोक म्हणायचे, बायकोच्या पदराला बांधलाय. म्हणू देत. डॉक्टर म्हणाले, "त्या तुमचा चेहरा बघून ओळखत असतील." असेल... पण धुळ्याला पापड लाटताना तिची माझ्याकडे पाठ होती.

गाठ निघाली. वास थांबला, मलाही आणि तिलाही. काही वर्षं सुखात गेली.

मग एका सकाळी अंगणात गहू निवडता निवडता ती उठून आत आली. चेहरा पांढराफटक.

"खाले बठा."

मला वाटलं, गाठ परत आली, दुसरं काय. मी बसलो. आपटू नये म्हणून तिने मागून माझं डोकं दोन्ही हातांनी घट्ट धरलं. मी वाट बघत राहिलो.

"अगं, मला कसलाच वास येत नाही," मी म्हणालो.

"थांबा," ती म्हणाली, "आज भलता वास शे."

मग तिचे हात सैल पडले, आणि ती माझ्या खांद्यावरून खाली घसरली. मेंदूत रक्तस्राव झाला, असं डॉक्टरांनी सांगितलं. संध्याकाळी गेली.

माझी गाठ परत आली नाही. एकाच्या डोक्यातला वास दुसऱ्याच्या नाकाला कसा येतो, हे मला कुणी सांगू शकलेलं नाही, आणि आता मी विचारतही नाही. वास आला की बसायचं ते मी, अशी आमच्या घरात सवयच पडली होती. त्या दिवशी तिला बसवायला हवं होतं, हे आम्हा दोघांपैकी एकालाही सुचलं नाही.